कोशिका-पटल : संकल्पनेचा इतिहास

कोशिका-पटल : (जीवद्रव्य-पटल). सजीवांच्या शरीरातील प्रत्येक कोशिकेभोवती (पेशीभोवती) असलेल्या अतिशय पातळ, लवचिक व निवडक्षम आवरणास कोशिका-पटल म्हणतात. त्याची जाडी सु. ५ ते ८ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) असते. साध्या सूक्ष्मदर्शकातून हे आवरण दिसू शकत नाही. असे असूनही त्याचे अस्तित्व, त्याचे रासायनिक स्वरूप व त्याची जाडी या तिन्ही गोष्टींचा बराचसा अचूक अंदाज ते प्रत्यक्ष दिसण्यापूर्वी किमान पंचवीस वर्षे बांधण्यात आला होता. कोणते पदार्थ कोशिकेत शिरतात, तेल पाण्यावर किती पसरते, रक्त विद्युत् प्रवाहाला कसा प्रतिसाद देते यांसारख्या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या मापनांतून हा अंदाज साकार झाला. या इतिहासातून एक महत्त्वाचे तत्त्व स्पष्ट झाले. ते असे की, कोशिकेची सीमा आखण्यासाठी स्वतंत्र कारागिराची गरज नसते. ज्या रेणूंची ती बनलेली असते त्यांच्या पाण्याशी असलेल्या संबंधांतूनच ती आकारास येते. या तत्त्वाकडे ज्या ज्या वेळी दुर्लक्ष झाले, त्या त्या वेळी पटलाविषयीच्या कल्पना चुकीच्या मार्गाला लागल्या.

रासायनिक पार्श्वभूमी : सजीवांतील कार्बनी द्रव्यांचे चार प्रमुख गट मानले जातात : कार्बोहायड्रेटे, प्रथिने, न्यूक्लिइक अम्ले व लिपिडे (मेद व मेदसदृश पदार्थ). यांपैकी पहिल्या तीन गटांत लहान घटक एकमेकांस रासायनिक बंधांनी जोडले जाऊन लांबच लांब शृंखला तयार होतात. ग्लुकोजाच्या रेणूंपासून स्टार्च, ॲमिनो अम्लांपासून प्रथिने व न्यूक्लिओटाइडांपासून न्यूक्लिइक अम्ले बनतात. लिपिडांचे तसे नाही. त्यांचे रेणू तुलनेने लहान असून ते एकमेकांस रासायनिक बंधांनी जोडले जात नाहीत. तरीही कोशिकेतील सर्वांत विस्तृत सलग रचना त्यांचीच असते.

याचे कारण फॉस्फोलिपिडाच्या रेणूच्या घडणीत आहे. या रेणूच्या एका टोकास फॉस्फेट गट असतो. त्यावर विद्युत् भार असल्याने तो पाण्याच्या रेणूंना आकर्षून घेतो. या भागास जलस्नेही ‘शीर्ष’ म्हणतात. दुसऱ्या बाजूस वसाम्लांच्या दोन लांब हायड्रोकार्बन शृंखला असतात. त्यांवर विद्युत् भार नसतो व पाण्याशी त्या हायड्रोजन बंध निर्माण करू शकत नाहीत. या भागास जलद्वेषी ‘पुच्छ’ म्हणतात. ‘जलद्वेष’ हा शब्द येथे लाक्षणिक आहे. हायड्रोकार्बन व पाणी यांच्या रेणूंत विशेष प्रतिसारण नसते. परंतु पाण्याचे रेणू एकमेकांस इतके घट्ट धरून असतात की, त्यांच्या जाळ्यात हायड्रोकार्बन शिरल्यास त्याभोवती त्यांना अधिक सुव्यवस्थित मांडणी स्वीकारावी लागते. ही मांडणी ऊष्मागतिकीच्या दृष्टीने प्रतिकूल असल्यामुळे पाणी हायड्रोकार्बनांना एकत्र लोटते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर काउझमान यांनी १९५९ मध्ये प्रथिनांच्या संदर्भात या परिणामाचे महत्त्व विशद केले.

एकाच रेणूत परस्परविरोधी गुणधर्मांचे दोन भाग असल्यामुळे पाण्यात फॉस्फोलिपिडांपुढे फार थोडे मार्ग उरतात. पुच्छे आत व शीर्षे दोन्ही बाजूंस बाहेर अशी दोन थरांची मांडणी केल्यास दोन्ही भागांची ‘सोय’ होते. मात्र अशा पत्र्याच्या कडेस पुच्छे पाण्यात उघडी पडतात. त्यामुळे तो पत्रा कडा जुळवून स्वतःवर मिटतो व पाण्याने भरलेली बंद पिशवी तयार होते. ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा भेद येथून सुरू होतो.

प्रारंभीचे संशोधन : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एम. ई. शेव्हरल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात मेदांचे रासायनिक विश्लेषण केले. थिओडोर गॉब्ली यांनी अंड्याच्या बलकापासून मिळविलेल्या फॉस्फरसयुक्त मेदास १८५० मध्ये लेसिथीन हे नाव दिले. तथापि या पदार्थांचा कोशिकेच्या सीमेशी काही संबंध असेल अशी कल्पना त्या वेळी कोणाच्या मनात आली नव्हती.

कोशिकेच्या सीमेचा विचार वनस्पतिवैज्ञानिकांनी सुरू केला. स्विस वनस्पतिवैज्ञानिक कार्ल फोन नेगेली यांना १८५५ च्या सुमारास असे आढळले की, रंगद्रव्ये जिवंत वनस्पति-कोशिकेत सहजासहजी शिरत नाहीत. मात्र कोशिकेस इजा झाल्यास ती सर्वत्र पसरतात. जर्मन वनस्पतिवैज्ञानिक व्हिल्हेल्म फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भित्तीत कॉपर फेरोसायनाइडाचे कृत्रिम अर्धपार्य पटल (विद्रावकास जाऊ देणारे पण विरघळलेल्या पदार्थास अडविणारे पटल) तयार करून तर्षण दाब मोजला व १८७७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोशिकेच्या जीवद्रव्याभोवती असेच एखादे पातळ पटल असले पाहिजे असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या मापनांच्या आधारे जे. एच. व्हान्ट हॉफ यांनी विरल विद्रावांचा सिद्धांत मांडला. फेफर यांचे पटल मात्र अनुमानापुरतेच होते. ते कशाचे बनलेले आहे याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

हा उलगडा करण्याची दिशा चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन (१८६५–१९३३) यांनी दाखविली. जन्माने इंग्रज असलेले ओव्हर्टन झुरिकमध्ये काम करीत होते. वनस्पतीची कोशिका साखरेच्या संहत विद्रावात ठेवल्यास तिच्यातील पाणी बाहेर पडते व जीवद्रव्य आकसते. अल्कोहॉलाच्या तितक्याच तर्षण दाबाच्या विद्रावात मात्र असे घडत नाही; म्हणजेच अल्कोहॉल कोशिकेत तत्काळ शिरते. ओव्हर्टन यांनी पाचशेहून अधिक संयुगांवर अशा कसोट्या घेतल्या. त्यांतून १८९९ पर्यंत एक साधा नियम हाती आला : जो पदार्थ तेलात जितका अधिक विद्राव्य तितका तो कोशिकेत अधिक जलद शिरतो. रेणूचा लहानमोठेपणा त्यामानाने गौण ठरला. यावरून कोशिकेचे आवरण कोलेस्टेरॉल व लेसिथीन यांसारख्या मेदसदृश पदार्थांनी ओतप्रोत असावे, असे अनुमान त्यांनी काढले. भूल आणणाऱ्या द्रव्यांची तीव्रताही त्यांच्या तेलातील विद्राव्यतेच्या प्रमाणात असते असे त्यांना आढळले. हाच निष्कर्ष जर्मनीत हान्स होर्स्ट मायर यांनी स्वतंत्रपणे काढला होता.

या नियमास अपवाद आहेत हे स्वतः ओव्हर्टन यांच्या लक्षात आले होते. तेलात न विरघळणारे काही पदार्थ कोशिका आत घेते, काही तर कमी संहतीकडून अधिक संहतीकडे ओढून नेते, हे त्यांनी नमूद केले. या अपवादांचे स्पष्टीकरण मिळण्यास पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

पाण्यावरील तेलाचा थर : पटलाच्या जाडीच्या प्रश्नाचे उत्तर जीवविज्ञानाशी संबंध नसलेल्या एका संशोधनातून मिळाले. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी लंडनजवळील क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल टाकले असता ते सु. अर्ध्या एकरावर पसरून पाणी आरशासारखे निवांत झाले. हा वृत्तांत १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेलाचे घनफळ व त्याने व्यापलेले क्षेत्र यांवरून थराची जाडी काढता येते. परंतु फ्रँक्लिन यांनी ते गणित केले नाही. हे काम ब्रिटिश भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८९० मध्ये केले. पाण्यावर तरंगणाऱ्या कापराच्या कणांची हालचाल थांबविण्यास पुरेसा असणारा ऑलिव्ह तेलाचा थर सु. १.६ नॅनोमीटर जाडीचा असतो असे त्यांना आढळले.

याच सुमारास जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे आग्नेस पोकेल्स या विदुषी घरीच असे प्रयोग करीत होत्या. त्या काळी स्त्रियांना विद्यापीठीय शिक्षण दुर्मिळ असल्याने त्यांना ते लाभले नव्हते. पाण्याने काठोकाठ भरलेले पत्र्याचे उथळ पात्र व पृष्ठावरून सरकविता येणारी पट्टी एवढ्या साधनांनी त्यांनी पृष्ठावरील थर दाबला असता पृष्ठताण कसा बदलतो हे मोजले. त्यांनी रॅली यांना लिहिलेले पत्र रॅली यांच्या शिफारशीने १८९१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी हीच पद्धत विकसित करून १९१७ मध्ये दाखविले की, पाण्यावर वसाम्लांचा थर एकाच रेणूइतका जाड असतो व त्यातील प्रत्येक रेणू शीर्ष पाण्यात बुडवून व पुच्छ हवेत ठेवून उभा असतो. शृंखला लांब असो वा आखूड, प्रत्येक रेणू जवळजवळ सारखेच क्षेत्र व्यापतो हा त्याचा निर्णायक पुरावा होता. लँगम्यूर यांना पृष्ठरसायनशास्त्रातील कार्याबद्दल १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

द्विरेणवीय थर : १९२५ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दोन अगदी भिन्न मार्गांनी केलेली मापने प्रसिद्ध झाली. ह्यूगो फ्रिके यांनी रक्तातील तांबड्या कोशिकांच्या निलंबनातून प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह पाठवून त्यांच्या आवरणाची विद्युत् धारणा (विद्युत् भार साठविण्याची क्षमता) मोजली. ती दर चौ. सेंमी.स सु. ०.८१ मायक्रोफॅराड भरली. आवरण तेलकट पदार्थाचे आहे असे गृहीत धरून त्यांनी त्याची जाडी ३.३ नॅनोमीटर काढली. ही जाडी काही थोड्या रेणूंपेक्षा अधिक असू शकत नाही हे उघड होते. तथापि फ्रिके यांनी रेणूंच्या मांडणीविषयी निष्कर्ष काढला नाही.

नेदर्लंड्समधील लायडन येथे बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गॉर्टर व त्यांचे सहकारी एफ. ग्रेंडेल यांनी निराळा मार्ग अवलंबिला. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या कोशिकांत केंद्रक किंवा इतर अंतर्गत पटले नसतात. त्यामुळे त्यांच्यापासून मिळणारे सर्व लिपिड बाह्य आवरणातीलच असले पाहिजे. गॉर्टर व ग्रेंडेल यांनी माणूस, कुत्रा, मेंढी, शेळी, ससा व गिनीपिग यांच्या रक्तातील ठराविक संख्येच्या कोशिकांतील लिपिड ॲसिटोनाने काढून घेतले, ते पाण्यावर एकरेणवीय थराच्या रूपात पसरविले व त्याचे क्षेत्र मोजले. ते कोशिकांच्या एकूण पृष्ठफळाच्या दुप्पट भरले. यावरून कोशिकेभोवती लिपिडाचे दोन रेणू जाड असा थर असून त्यात शीर्षे बाहेर व आत आणि पुच्छे मध्यभागी असतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या प्रयोगात दोन उणिवा होत्या. ॲसिटोनाने सर्व लिपिड बाहेर येत नाही, त्यामुळे लिपिडाचे प्रमाण कमी भरले. दुसरीकडे कोशिकांचे पृष्ठफळ वाळविलेल्या नमुन्यांवरून काढल्याने तेही कमी धरले गेले. मानवी कोशिकेचे पृष्ठफळ त्यांनी सु. १०० चौ. मायक्रोमीटर मानले होते, प्रत्यक्षात ते सु. १४० चौ. मायक्रोमीटर असते. दोन्ही त्रुटींनी एकमेकींस जवळजवळ रद्द केले व निष्कर्ष योग्य निघाला. आर. एस. बार, डी. डब्ल्यू. डीमर व डी. जी. कॉर्नवेल यांनी १९६६ मध्ये सुधारित पद्धतीने हा प्रयोग पुन्हा केला. तेव्हा असे दिसून आले की, थर कमी दाबाखाली असताना दोन क्षेत्रांचे गुणोत्तर दोन येते, तर अधिक दाबाखाली ते १.३ पर्यंत उतरते. उरलेले क्षेत्र पटलातील प्रथिने व्यापतात असा त्याचा अर्थ लावता येतो. मूळ निबंधात प्रथिनांचा विचार नव्हता, आणि पुढील वाद त्यांवरूनच उद्‌भवला.

प्रथिनांच्या स्थानाचा प्रश्न : १९३० नंतरच्या दशकात सागरी प्राण्यांच्या अंड्यांवरील मापनांतून कोशिकेचा पृष्ठताण तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताणापेक्षा पुष्कळच कमी असल्याचे आढळून आले. जे. एफ. डॅनिएली व ई. एन. हार्वी यांनी मॅकरेल (बांगड्याच्या कुलातील मासा) या माशाच्या अंड्यातील तेलाच्या थेंबांवर प्रयोग केले. प्रथिनांच्या सान्निध्यात तेलाचा पृष्ठताण घटतो हे त्यांनी दाखविले. त्यावरून डॅनिएली व ह्यू डॅव्हसन यांनी १९३५ मध्ये अशी प्रतिकृती मांडली की, लिपिडाच्या थराच्या दोन्ही बाजूंस प्रथिनांचा लेप असतो. शुद्ध फॉस्फोलिपिडांचा पृष्ठताण मुळातच अत्यल्प असतो. त्यामुळे ज्या निरीक्षणाच्या आधारावर प्रथिनांचा लेप कल्पिला गेला होता, त्याच्या स्पष्टीकरणास लेपाची आवश्यकता नव्हती. हे ध्यानात येण्यास मात्र बराच काळ लागला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे या प्रतिकृतीस प्रारंभी बळकटीच मिळाली. जे. डी. रॉबर्टसन यांनी १९५७ ते १९५९ या काळात तंत्रिकांच्या मायेलिन आवरणाचे व इतर कोशिकांचे अतिशय पातळ छेद तपासले. सर्वत्र त्यांना दोन गडद रेषा व त्यांमध्ये एक फिकट पट्टा दिसला. एकूण जाडी सु. ७.५ नॅनोमीटर होती. सर्व सजीवांतील सर्व पटले एकाच नमुन्याची असतात अशी ‘एकक पटल’ परिकल्पना त्यांनी मांडली. बाहेरील गडद रेषा म्हणजे प्रथिने असा त्यांचा अर्थ होता. पटलांच्या मूलभूत एकरूपतेवर या परिकल्पनेने दिलेला भर पुढेही मान्य राहिला. प्रथिनांविषयीचे तिचे विधान मात्र टिकले नाही.

त्यावर तीन प्रकारचे आक्षेप होते. एक, प्रथिनांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. मायेलिनात ते सु. एक पंचमांश ते एक चतुर्थांश, तर कलकणूच्या (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या अंगकाच्या) आतील पटलात सु. तीन चतुर्थांश असते. एकसारख्या लेपाशी हे विसंगत होते. दोन, पटलातील पुष्कळ प्रथिने मिठाच्या विद्रावाने धुऊन निघत नाहीत. त्यांना सोडविण्यासाठी साबणासारखी प्रक्षालके वापरावी लागतात. तीन, शीर्षांवर पसरलेल्या प्रथिनामुळे त्याचे स्वतःचे जलद्वेषी भाग पाण्यात उघडे पडले असते व शीर्षांचा पाण्याशी संपर्कही तुटला असता. म्हणजेच जो रासायनिक नियम लिपिडांस लागू केला जात होता, तोच प्रथिनांच्या बाबतीत विसरला गेला होता.

दरम्यान केवळ लिपिडांपासून पटल बनते याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. पॉल म्यूलर, डी. ओ. रुडिन, एच. टी. टीन व सहकारी यांनी १९६२ मध्ये मेंदूतील लिपिडांपासून पाण्यातील एका छिद्रावर द्विरेणवीय थर तयार केला. ब्रिटनमधील बाब्रॅम येथे ए. डी. बँगम व आर. डब्ल्यू. हॉर्न यांनी १९६४ मध्ये लेसिथीन पाण्यात मिसळले असता त्याच्या आपोआप बंद पिशव्या बनतात हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. या पिशव्यांना पुढे ‘लायपोसोम’ हे नाव पडले. त्या आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) अडवून धरतात व त्यासाठी प्रथिनाची गरज लागत नाही, हेही सिद्ध झाले.

प्रवाही मोझेइक प्रतिकृती : अमेरिकेतील एस. जे. सिंगर यांनी प्रथिनांचा विचार ऊष्मागतिकीच्या दृष्टीने केला. प्रथिनाचा जलद्वेषी पृष्ठभाग लिपिडाच्या मध्यभागी व जलस्नेही भाग दोन्ही बाजूंच्या पाण्यात असेल तरच ती मांडणी स्थिर राहील, असे त्यांचे म्हणणे होते. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या प्रथिनांच्या आल्फा सर्पिलात प्रत्येक ॲमिनो अम्लामागे ०.१५ नॅनोमीटर लांबी वाढते. पटलाचा जलद्वेषी गाभा सु. ३ नॅनोमीटर जाड असल्याने तो ओलांडण्यास सु. वीस जलद्वेषी ॲमिनो अम्लांची सलग सर्पिल शृंखला पुरते. आज एखाद्या प्रथिनाचा केवळ ॲमिनो अम्लांचा क्रम पाहून ते पटल किती वेळा ओलांडते याचा अंदाज बांधला जातो, तो याच गणिताच्या आधारे होय.

पटल स्थिर नसून प्रवाही आहे हे एल. डी. फ्राय व एम. एडिडिन यांनी १९७० मध्ये सिद्ध केले. त्यांनी सेंडाई व्हायरसाच्या साहाय्याने उंदराची व माणसाची कोशिका एकत्र जोडली. दोहोंच्या पृष्ठावरील प्रथिनांना हिरव्या व तांबड्या रंगाने चमकणाऱ्या द्रव्यांनी खुणा केल्या होत्या. सुरुवातीस जोडकोशिकेचा एक अर्ध हिरवा व दुसरा तांबडा दिसे. परंतु ३७° से. तापमानास सु. चाळीस मिनिटांत दोन्ही रंग पूर्णपणे मिसळून गेले. तापमान कमी केल्यास मिसळण्याची क्रिया मंदावे. तत्पूर्वी १९६६ मध्ये डॅनिएल ब्रँटन यांनी गोठविलेली पटले दोन थरांच्या मधोमध फुटतात व फुटलेल्या पृष्ठावर कण दिसतात हे दाखविले होते. हे कण म्हणजे पटलात रुतलेली प्रथिने होत.

या सर्व पुराव्यांची सांगड घालून सिंगर व जी. एल. निकोल्सन यांनी १९७२ मध्ये ‘प्रवाही मोझेइक’ प्रतिकृती प्रसिद्ध केली. तीनुसार पटल हे लिपिडांचे द्विमितीय द्रव असून त्यात प्रथिने तरंगतात. काही एकाच बाजूस, तर काही आरपार. आर. हेंडरसन व पी. एन. टी. अन्विन यांनी १९७५ मध्ये लवणप्रिय सूक्ष्मजीवातील बॅक्टिरिओऱ्होडॉप्सीन हे प्रथिन सात सर्पिलांनी पटल ओलांडते हे दाखविल्यावर या प्रतिकृतीस प्रत्यक्ष संरचनेचा आधार मिळाला.

पटलातील मार्ग : ओव्हर्टन यांनी नोंदविलेल्या अपवादांचा उलगडाही यातून झाला. शुद्ध लिपिडथरातून पाणी बऱ्यापैकी जाते. परंतु सोडियम वा पोटॅशियम आयनास तो पाण्याच्या तुलनेने कोट्यवधी पटींहून अधिक दुर्गम असतो. आयनाभोवतीचे पाण्याचे वेष्टन काढून त्यास तेलकट गाभ्यात नेण्यास फार मोठी ऊर्जा लागते हे त्याचे कारण होय. त्यामुळे आयनांसाठी स्वतंत्र मार्ग असणे अपरिहार्य ठरते. डॅनिश शास्त्रज्ञ जे. सी. स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या तंत्रिकांत ऊर्जा खर्च करून सोडियम बाहेर व पोटॅशियम आत नेणारे एंझाइम शोधले. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये पोटॅशियमाच्या मार्गिकेची संरचना उलगडली. तीत ऑक्सिजनाचे अणू अशा अंतरावर असतात की, पोटॅशियम आयनास पाण्याच्या वेष्टनाची तंतोतंत भरपाई मिळते. लहान सोडियम आयनास ती मिळत नाही, म्हणून तो लहान असूनही अडतो. पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये पाण्याच्या मार्गिकेचे कार्य सिद्ध केले. ॲग्रे व मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आयनांस अडविणे व निवडक मार्गांनीच त्यांना जाऊ देणे यातून ऊर्जा साठविता येते. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादन केले की, कलकणू व हरितकणू यांत पटलाच्या दोन बाजूंस असलेल्या हायड्रोजन आयनांच्या असमान वाटपातूनच ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट या ऊर्जावाहक संयुगाची निर्मिती होते. प्रारंभी प्रखर विरोध झालेल्या या सिद्धांताबद्दल त्यांना १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पटकी व जलसंजीवनी : पटलाच्या रसायनशास्त्राचा मानवी जीवनाशी असलेला संबंध पटकी (कॉलरा) या रोगाच्या इतिहासात सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो. कलकत्ता येथील शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीच्या सूक्ष्मजंतूंपासून निघणारे विष आतड्यात द्रव पाझरविते हे सशांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. हे विष आतड्याच्या कोशिकांच्या पटलातील जीएम-१ या शर्करायुक्त लिपिडास चिकटते. त्यानंतर कोशिकेत घडणाऱ्या विक्रियांमुळे क्लोराइड आयनांच्या मार्गिका उघड्या राहतात. क्लोराइडामागोमाग सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत जाते व काही तासांत रोग्याच्या जिवास धोका निर्माण होतो.

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात असे मांडले की, आतड्याच्या कोशिकेत ग्लुकोज व सोडियम एकाच वाहकाद्वारे जोडीने शिरतात. पटकीच्या विषाचा या वाहकावर परिणाम होत नाही. त्यामुळे नुसते मिठाचे पाणी शोषले जात नसले, तरी त्यात ग्लुकोज घातल्यास सोडियम व त्याबरोबर पाणीही शरीरात परत येते. ढाका व कलकत्ता येथे १९६०–७० या दशकात झालेल्या रुग्णालयीन प्रयोगांनी याची उपयुक्तता पटवून दिली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा दिलीप महालनबीस (१९३४–२०२२) व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजण्याची व्यवस्था केली. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. महाराष्ट्रात ‘जलसंजीवनी’ या नावाने परिचित असलेले मिश्रण याच तत्त्वावर आधारलेले आहे. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या मिश्रणात ग्लुकोज व सोडियम यांचे रेणवीय प्रमाण समसमान (लिटरमागे प्रत्येकी ७५ मिलिमोल) ठेवलेले आहे.

नंतरची प्रगती : प्रवाही मोझेइक प्रतिकृतीत पुढे अनेक सुधारणा झाल्या. पटलाच्या दोन थरांतील लिपिडे सारखी नसतात, हे १९७२ च्या सुमारास स्पष्ट झाले. पटलाची प्रवाहिता टिकविण्यासाठी सूक्ष्मजंतू तापमानानुसार आपल्या वसाम्लांत बदल करतात, असे एम. सिनेन्स्की यांनी १९७४ मध्ये दाखविले. थंडीत असंतृप्त (द्विबंध असलेल्या) वसाम्लांचे प्रमाण वाढते. त्यांच्या शृंखलांना बाक असल्याने त्या घट्ट रचल्या जात नाहीत व पटल गोठत नाही. के. सायमन्स व ई. इकोनेन यांनी १९९७ मध्ये पटलात कोलेस्टेरॉलयुक्त लहान ‘तराफे’ असतात असा विचार मांडला. त्यांचा आकार व आयुष्य यांविषयी दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

आर्किया या सूक्ष्मजीवांच्या गटात लिपिडांची घडण इतर सजीवांहून वेगळी आढळते. त्यांच्या शृंखला आयसोप्रीन घटकांच्या असून त्या ग्लिसरॉलास एस्टर बंधांऐवजी ईथर बंधांनी जोडलेल्या असतात आणि ग्लिसरॉलाची अवकाशीय मांडणीही इतरांच्या आरशातील प्रतिमेसारखी असते. काही उष्णताप्रिय जातींत तर एकच लांब रेणू दोन्ही बाजूंस शीर्षे ठेवून संपूर्ण पटल ओलांडतो. रेणू भिन्न असूनही शीर्षे पाण्याकडे व पुच्छे मध्यभागी ही मांडणी मात्र तीच राहते. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये पडलेल्या मर्चिसन अशनीतून काढलेल्या कार्बनी पदार्थांपासूनही पाण्यात सूक्ष्म पिशव्या तयार होतात, असे डीमर यांनी १९८५ मध्ये दाखविले. त्यावरून कोशिका अस्तित्वात येण्यापूर्वीच पृथ्वीवर पटलांचे घटक उपलब्ध असणे शक्य आहे असे मानले जाते.

बँगम यांच्या लायपोसोमांचा औषधे वाहून नेण्यासाठी उपयोग होऊ लागला असून काळा आजार या रोगावर ॲम्फोटेरिसीन बी हे औषध त्या स्वरूपात दिले जाते. डिसेंबर २०२० पासून वापरात आलेल्या कोविड-१९ वरील संदेशवाहक आरएनए लशींतही लिपिडांचेच सूक्ष्म कण वापरलेले आहेत. त्यांतील एका लिपिडाचे शीर्ष रक्तात विद्युत् भाररहित असते व कोशिकेतील अम्लीय पिशवीत धन भारित होते. त्यामुळे ते तेथील पटलास विस्कटून आरएनएला कोशिकेत शिरण्याची वाट करून देते. शीर्ष व पुच्छ यांच्या ज्या भेदामुळे पटल बनते, त्याच भेदाचा येथे पटल ओलांडण्यासाठी उपयोग केलेला आहे.